राखणदारणीचा होकार

“आलं,” एनिड म्हणाली.

शार्लिनला काहीच ऐकू आलं नव्हतं. चित्रांच्या सेंटरच्या पत्र्यावर कावळे नाचत होते आणि बाहेर कुत्र्यांची नेहमीची मारामारी रंगात आली होती. पण एनिडआत्याचे डोळे जसजसे अधू होत गेले होते तसतसे तिचे कान तिखट झाले होते. थोड्या वेळाने खरोखरच दक्षिणेकडून लहान विमानाची घरघर ऐकू आली आणि क्लेमकाका खुर्चीतून उठून शर्ट खोचायला लागला.

“कशाला खोचतोस?” एनिड म्हणाली. “ती चित्र न्यायला येतेय. तुला नाही.”

“वहिनी, मी अध्यक्ष आहे ह्या सेंटरचा.”

“म्हणून काय झालं? पोट तेवढंच आहे.”

क्लेम एनिडचा दीर. नवरा गेला तरी दिराची थट्टा करायचा हक्क जात नाही, आणि एनिड तो हक्क पुरेपूर वापरायची. आज मात्र क्लेम हसला नाही. तो आपली टोपी झटकत धावपट्टीकडे निघाला, आणि सेंटरची मॅनेजर पिप गाडीची किल्ली शोधत त्याच्या मागे धावली. पिप मेलबर्नकडची गोरी मुलगी. तिला वाळवंटातल्या ह्या आदिवासी गावात येऊन फार दिवस झाले नव्हते आणि अजून दर पाहुण्याच्या वेळी तिची किल्ली हरवायची.

चित्र मोठ्या खोलीत जमिनीवर अंथरलेलं होतं. दोन माणसं हात पसरून शेजारी शेजारी उभी राहिली तरी पुरी पडली नसती एवढं ते लांब होतं. लाल जमीन, तिच्यावर पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, ओळींमध्ये वर्तुळं. सगळा हिवाळा एनिडने घराच्या ओट्यावर मांडी घालून हे काढलं होतं. शार्लिनने रंग कालवले, डबे धुतले, मागची जमीन भरून दिली. गोष्टीच्या रेषा मात्र आत्याच्या. तिच्या बापाची रानकांद्याची गोष्ट: पश्चिमेकडून कांदे खणत आलेल्या म्हाताऱ्या, त्या कुठे बसल्या, कुठे भांडल्या, कुठे पाणी प्यायल्या. त्यातलं जेवढं सगळ्यांसमोर सांगता येतं तेवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. उरलेलं एनिडला ठाऊक होतं, आणि कोरलला.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. गोष्ट बापाकडून येते आणि ज्याच्या बापाची गोष्ट तो तिचा मालक, हे खरं. पण मालकाने ती एकट्याने काढायची नसते. शेजारी राखणदार बसलेला लागतो आणि तो लेकीच्या बाजूचा लागतो, म्हणजे आत्याची मुलं, नाहीतर बहिणीची. मालक काढतो, राखणदार बघतो. राखणदाराने हो म्हटलं की चित्र झालं. नाही म्हटलं की मालक कितीही नावाजलेला असो, पुसायचं. एनिडला ना मूल ना बहीण. तिच्या बापाला बहीण एकच होती आणि त्या बहिणीची एकच मुलगी हयात होती. ती कोरल.

आणि कोरलशी एनिडने बोलणं टाकलं होतं.

कोरलची मूत्रपिंडं गेली तेव्हा तिला रक्त गाळायच्या मशीनसाठी आलिसला, लांबच्या शहरात, जाऊन राहावं लागलं. तिथे मशीनच्या दवाखान्याबाहेर एक दलाल मोठी जीपगाडी लावून उभा असायचा. थकलेल्या म्हाताऱ्यांना तो घरी सोडायचा, म्हणजे आधी स्वतःच्या शेडमध्ये न्यायचा आणि मग घरी. तिथे दुसऱ्याच कोणीतरी काढलेली रानकांद्याची चित्रं होती. त्याने ती कोरलच्या हातात दिली आणि फोटो काढले: राखणदारणीने पाहिलं, राखणदारणीने होकार दिला. बदल्यात कोरलच्या मुलाला, डेस्मंडला, गाडी मिळाली. तो फोटो फोनाफोनातून फिरत गावात आला. एनिडने भिंग लावून पाहिला, फोन उलटा ठेवला, आणि त्या दिवसापासून कोरलचं नाव तिच्या तोंडातून गेलं. बोलायची वेळ आलीच तर ‘ती मोटारवाली’.

पुढे गावातच मशीन आलं आणि कोरल परतली. आता ती फुटबॉलच्या मैदानापलीकडे राहत होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. सगळ्या हिवाळ्यात एनिडने ती हाक मारली नाही. सगळ्या घराला ते दिसत होतं आणि सगळं घर मूग गिळून बसलं होतं. पिपने एकदा विचारलं तेव्हा शार्लिनने सांगितलं होतं, “घरातलं माणूस बसलं होतं शेजारी.” ते खोटं नव्हतं. शार्लिनच बसली होती. पण शार्लिन एनिडच्या भावाची मुलगी, म्हणजे बापाच्याच बाजूची. मालकाने मालकाची राखण केल्यासारखं ते झालं, आणि हे पिपला कळलं नाही तरी शार्लिनला चांगलं कळत होतं.

*

मिसेस लिंडन संग्रहालयाकडून आली होती. साठीची, उंच बाई. दारात बूट काढले, नमस्कार-चमत्कार आटोपला आणि सरळ चित्राच्या कडेला जमिनीवर बसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळ न् ओळ बघत गेली. शार्लिनला ती आवडली. खरेदीला येणारे बहुतेक लोक उभ्याउभ्याच बोलायला लागतात.

“हे आमच्या मोठ्या दालनात लागेल,” शेवटी ती म्हणाली. “समोरासमोर दुसरं काहीच नसेल.”

“आणि विकणार नाही ना तुम्ही कोणाला?” एनिडने विचारलं.

“संग्रहालयातलं विकता येत नाही, एनिड.”

“बरं. माझी चित्रं लोकांच्या सोफ्यावर टांगलेली असतात म्हणे. हे नको तसं. हे शेवटचं.”

ती ‘शेवटचं’ म्हणाली तेव्हा खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. आलिसच्या डॉक्टरने सांगितलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. साखरेने डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. पुढच्या हिवाळ्यात एनिडला ठिपका टाकता येणार नव्हता.

मिसेस लिंडनने फोन काढला. “आम्ही भिंतीवर दोन नावं लावतो. मालकिणीचं आणि राखणदारणीचं. एक माझ्याकडे आहे. शेजारी कोण बसलं होतं?”

पिपने शार्लिनकडे पाहिलं. शार्लिनने एनिडकडे पाहिलं. एनिड तोंड फिरवून बसली.

“कोरल,” क्लेम म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की शार्लिनलाही क्षणभर खरं वाटलं. “ह्यांची आतेबहीण. यायची होती आज, पण आजारी आहे. आलिसला मशीनवर असते.”

खिडकीतून मैदान दिसत होतं आणि मैदानापलीकडच्या व्हरांड्यात कोरल बसलेली सरळ दिसत होती, डोक्याला पिवळी लोकरीची टोपी घालून. मिसेस लिंडन तिला ओळखत नव्हती, एवढंच.

“तिला माझा नमस्कार सांगा,” ती म्हणाली आणि बोटाने अक्षरं दाबायला लागली. “कोरल... पुढे?”

गप्प बसलं तर आत्याचं चित्र जाईल, हवं तिथे लागेल, आणि डोळे जायच्या आधी आत्याला तेवढं सुख मिळेल. ह्यापलीकडे तिला काही नको होतं. पण त्या बाईच्या बोटाखाली कोरलचं नाव उमटत होतं, कोरलने न पाहिलेल्या चित्रावर, आणि शार्लिनला तो फोटो आठवला. तो दलाल ह्याहून वेगळं काय करत होता?

“लिहू नका,” ती म्हणाली. “कोरलआत्या बसली नव्हती. आजारीही नाही. ती बघा, ती तिथे. पिवळी टोपी.”

क्लेमने कपाळावर हात मारला.

“तू मला सांगितलं होतंस, घरातलं माणूस होतं,” पिप हळू आवाजात म्हणाली.

“मी होते. मी चालत नाही. मला माहीत होतं.”

“म्हणजे अर्धं सांगितलंस.”

“हो.”

“आणि आपण अर्ध्यावरच विकायला निघालो होतो.” पिपचा चेहरा लाल झाला होता, पण ती आवाज चढवत नव्हती. “शार्लिन, इथून एक जरी असं गेलं ना, तर पुढच्या वेळी खरं असलेलंही कोणी घेणार नाही.”

मिसेस लिंडनने फोन खाली ठेवला. “मी थांबते,” ती म्हणाली. “पायलट वाऱ्याची कुरकुर करेल, करू दे. तुमचं आधी होऊ दे.”

सगळे एनिडकडे बघायला लागले. एनिड लुगड्यासारखा घोळदार स्कर्ट आवळून बसली होती. राग आला की ती लहान दिसायची.

“जा,” ती शार्लिनला म्हणाली. “घेऊन ये तिला. हो म्हणेल आणि जाईल. तिला न बघता हो म्हणायची सवय आहे.”

*

डेस्मंड त्याच गाडीखाली उताणा पडला होता. गाडी आणल्यापासून ती जितकी चालली नसेल तितका तो तिच्याखाली झोपला असेल. कोरल शेकोटीच्या राखेत कांगारूचं शेपूट पुरून त्याच्यावर नजर ठेवून होती.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही, कोरलआत्या.”

“मग तुमच्या घरचं माणूस मैदान ओलांडून इकडे कसं?”

शार्लिनने सगळं सांगितलं. क्लेमकाकाने तिला आलिसला पोचवलं होतं हेही सांगितलं. कोरल खदखदून हसली.

“मी आजारी? आणि तो ढेरपोट्या ठणठणीत! बरं, एनिडने माझं नाव घेतलं?”

“नाव नाही घेतलं.”

“मोटारवाली म्हणाली?”

“नाही. ‘तिला घेऊन ये’ म्हणाली.”

“सुधारली म्हणायची.” कोरलने काठी शोधली. “आणि काय म्हणाली?”

शार्लिनने जमिनीकडे पाहिलं.

“सांग गं. तुझ्या तोंडावर लिहिलंय.”

“म्हणाली, तिला न बघता हो म्हणायची सवय आहे.”

गाडीखालचा पाना थांबला. कोरलने काठी परत बाजूला ठेवली. ती आता यायची नाही, असं शार्लिनला वाटलं.

“डेस,” कोरल म्हणाली, “बाहेर ये. शेपूट सांभाळ, करपवू नकोस. नाहीतर असं कर, तूही चल. तुझ्या गाडीचंच बोलणं निघणार आहे.” आणि शार्लिनच्या खांद्यावर हात टाकत म्हणाली, “सगळा हिवाळा मान वाकडी करून बघतेय मी. इथून नुसता लाल रंग दिसतो.”

*

कोरल चित्राभोवती काठी टेकत टेकत फिरली. पश्चिमेच्या बाजूला, जिथून म्हाताऱ्या निघतात तिथे, ती खाली बसली. मग ओळीच्या मागोमाग सरकत गेली, आणि सरकता सरकता नाकातल्या नाकात गाणं गुणगुणायला लागली. पलीकडे एनिडचे ओठ हलत होते. ती गात नव्हती, पण ओठ हलत होते, आणि दोघींच्या कडव्यात कुठे फरक पडत नव्हता.

एका वर्तुळापाशी कोरल जास्त वेळ थांबली. क्लेमने घसा खाकरला. शार्लिनला वाटलं, झालं, सापडली चूक, आता सगळं उट्टं निघणार.

“चूक नाही,” कोरल म्हणाली.

“मला माहीत आहे,” एनिड म्हणाली.

एवढी वर्षं तोंडं फिरवून बसलेल्या दोघींचं पहिलं बोलणं ते हे.

पिपने मोठा श्वास सोडला. “म्हणजे... हो समजायचं?”

“नाही.”

“पण चूक नाही म्हणालात ना तुम्ही?”

“नाहीच आहे. हिच्या बापाने काढलं असतं तर असंच काढलं असतं. पण मी इथे बसले नव्हते.”

क्लेम पुढे सरसावला. सकाळी त्यानेच शार्लिनला बजावलं होतं, त्या शेडवालीचा आता काय अधिकार उरलाय म्हणून. आता त्याचा आवाज मधाळ झाला. “कोरल, अगं झालं गेलं सोड. बसलीस काय, नंतर बघितलंस काय, एकच. राखणदारणीचा वाटा असतोच, तो तुला मिळेल. मी अध्यक्ष आहे, मी सांगतो.”

“तू सांगतोस? तुझी गोष्ट वेगळी, तुझी जमीन वेगळी. इथे तू फक्त खुर्चीवर बसतोस, क्लेम.”

“आई, म्हण ना हो,” डेस्मंड दारातून म्हणाला. “काय बिघडतं? गिअरबॉक्स तरी येईल.”

“तू तर बोलूच नकोस.”

मिसेस लिंडन चित्राच्या कडेने सरकत पुढे आली. आता तिने सावकाश विचारलं, “कोरल, मला समजून घ्यायचंय. तुम्ही आत्ता नीट बघितलंत, सगळं. आत्ता बघून होकार देता येत नाही का?”

कोरलने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न सरळ होता, म्हणून तिने उत्तरही सरळ दिलं. “शेपूट शिजून पानात पडल्यावर शेकोटीपाशी बसून काय राखायचं बाई? राखण आधी असते. ती रेघ ओढते तेव्हा मी तिथे लागते. मी नाही म्हटलं तर तिचा हात थांबायला हवा. नाही म्हणायला मी नव्हतेच, तर माझ्या ‘हो’ला काय अर्थ?”

“पण हे चित्र खरं आहे!” क्लेम ओरडला. “त्या दलालाच्या चित्रांसारखं थोडंच आहे?”

“चित्र खरं आहे रे. माझा होकार खोटा होईल.”

मग ती एनिडकडे वळली. मान वळवून नाही, अख्खी वळून बसली.

“त्या शेडमध्ये तो म्हणाला, धर, हस. मी मशीनवरून उठून आले होते, पाय लटपटत होते, ह्याला गाडी हवी होती. पण हसले ती मीच. कोणी काढलंय मला ठाऊक नव्हतं, तरी धरलं आणि हसले. तू बोलणं टाकलंस, बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर काठी उचलली असती. आणि आज तुझंच घर मला म्हणतंय, धर, हस.”

बाहेर कुत्री भांडून दमली होती. शार्लिनला आत्याचा चेहरा दिसत होता आणि आत्याला आता कोणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता, हे तिला त्या क्षणी फार लागलं.

“मला वाटलं तू येशील,” एनिड शेवटी म्हणाली.

“बोलावल्याशिवाय? राखणदार न बोलावता जातो का कधी?”

“रोज वाटायचं, आज हाक मारावी. ब्रश धुवायचे आणि वाटायचं, मारावी. नाही मारली.” तिने आवळलेला स्कर्ट सोडला. “राग होता मला तुझा. आणि तुझ्याशिवाय जमतंय, हे तुला दाखवायचं होतं.”

“जमलं की.”

“काय जमलं! तूच म्हणतेस ना, झालं नाही म्हणून.”

“झालं नाही,” कोरल म्हणाली. ती हे दुखवायला म्हणत नव्हती. दोघींना ते सारखंच ठाऊक होतं.

एनिडने हात पुढे करून चित्राची कड चाचपली. “शार्लिन, लाल रंग आण. मोठा डबा. आणि भिंतीला लावतात तो ब्रश.”

“आत्या, नको.”

“वहिनी, डोकं फिरलंय का!” क्लेम मध्ये येऊन उभा राहिला.

“एनिड,” मिसेस लिंडन म्हणाली, “हे तुमचं आहे, मी काही सांगू शकत नाही. पण मला न देता घरी ठेवा. गुंडाळून ठेवा. असं करू नका.”

“घरी? माझ्या घरात आजवर पैसा टिकला नाही की चित्र टिकलं नाही. मी डोळे मिटले की हा क्लेम ते गुंडाळून आलिसला नेईल आणि कोणालातरी पिवळी टोपी घालून कोरल म्हणून उभी करेल.”

“मी असं कधी...” क्लेमने सुरुवात केली आणि मघाशी आपणच काय सांगितलं ते आठवून तो थांबला. तो खुर्चीत जाऊन बसला. मग उठून बाहेर गेला.

शार्लिनने रंग आणला. आणताना ती रडत होती आणि लपवत नव्हती. ती झाकण उघडायला लागली तर एनिडने डबा ओढून घेतला. “तू नको. मी काढलंय, मीच झाकते.”

ती पूर्वेच्या टोकापासून मागे मागे निघाली, म्हाताऱ्यांची वाट उलटी करत. एवढा मोठा ब्रश फिरवायला डोळे लागत नव्हते. पाण्याची जागा गेली, भांडणाची जागा गेली, पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी एकामागून एक लाल रंगाखाली गेल्या. हिवाळाभर शार्लिनने ह्या ओळी रोज संध्याकाळी पाहिल्या होत्या. आता त्या जाताना बघणं तिला सहन होत नव्हतं, आणि तरी तिने मान वळवली नाही. कोणीतरी बघायलाच हवं होतं. कोरल काठी मांडीवर घेऊन शेजारी शेजारी सरकत होती. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा तिने बोट दाखवलं, “इथे थोडं उरलंय,” आणि एनिडने तेही झाकलं.

धावपट्टीवरून पायलटने दोनदा माणूस पाठवला होता. मिसेस लिंडनने बूट घातले. एनिडचा रंगाने माखलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला, स्वतःचे हात लाल झाले तरी सोडला नाही.

“मी परत कधी येऊ?”

“तिला विचार,” एनिड म्हणाली.

“मला काय माहीत?” कोरल म्हणाली. “अजून सुरुवात कुठे झालीय?”

मिसेस लिंडन हसली, डोळे पुसले, गेली. पिप तिला सोडायला गेली आणि ह्या वेळी किल्ली तिच्या हातातच होती. विमान उडाल्याचं एनिडने सगळ्यांच्या आधी ऐकलं, पण सांगितलं नाही.

*

वारा सुटला होता, रंग बघता बघता वाळला. डेस्मंडने शेपूट आणलं. एका बाजूने करपलं होतं. तिघींनी चहाबरोबर ते खाल्लं आणि करपल्याबद्दल त्याचा उद्धार केला. मग कोरलने हात स्कर्टला पुसले.

“चल,” ती एनिडला म्हणाली. “मी बसलेय.”

“माझ्याने होणार नाही.”

“मला कळलं ते. शेवटचे ठिपके अंदाजाने टाकलेस.”

“चुकले होते?”

“सांगितलं ना, चूक नव्हती. तुझा हात आंधळा नाही झालेला.”

“हात किती दिवस पुरणार?” एनिडने बारीक काडी उचलली, तिचं टोक बोटाने तपासलं आणि शार्लिनच्या दिशेने धरली. “हिच्याही बापाचीच गोष्ट आहे ही. तो असता तर त्यानेच दिली असती. घे.”

शार्लिनने हात पुढे केला नाही. आजवर तिने जमीन भरली होती, डबे धुतले होते, आत्याने आखलेल्या रेघेत ठिपके टाकले होते. गोष्टीची रेघ तिने कधी ओढली नव्हती. आणि गेलेल्या बापाचा असा उल्लेख, मेलेल्याचं नाव घेत नाहीत म्हणून नुसता ‘तो’ म्हणून का होईना, आत्याने कित्येक दिवसांत केला नव्हता. तिला भीती वाटली. आज सकाळपर्यंत आपण अर्धं सांगत होतो, आपल्याला कसं देतात हे?

“घे गं,” कोरल म्हणाली. “माझं शेपूट पचायच्या आत.”

शार्लिन लाल कापडावर गुडघे टेकून बसली. एका बाजूला एनिड बसली, दुसऱ्या बाजूला कोरल. कोरल नाकातल्या नाकात पहिलं कडवं गुणगुणायला लागली आणि ह्या वेळी एनिडने उघड आवाजात साथ दिली. हिवाळाभर बघितलेलं सगळं शार्लिनच्या डोळ्यांपुढे होतं. पहिलं वर्तुळ कुठे होतं ते ती झोपेतही सांगू शकली असती. तिने काडी रंगात बुडवली आणि बरोबर त्याच जागी, आत्याने टाकली होती तिथेच, पांढरी रेघ फिरवली. वर्तुळ सुरेख आलं.

गाणं थांबलं. कोरलने मान पुढे काढून बघितलं.

“नाही,” ती म्हणाली. “मला न विचारता, झाकलेलीच रेघ पुन्हा ओढलीस.”

शार्लिनने चटकन एनिडकडे पाहिलं. आत्याने तरी सांगावं, की जागा तीच आहे, तिचीच आहे. एनिड समोर बघत होती, जिथलं तिला काहीच दिसत नव्हतं.

“ऐकलंस ना?” ती म्हणाली. “पूस.”